सिंहगडाचा कडा कसा घडला?

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे व त्यांचे मावळे कोंढाण्याचा कडा चढून गेले, हा प्रसंग आपल्याकडील शाळेत जाणाऱ्या बहुतेक मुलांना ठाऊक असतो. उदेभान राठोडाशी झालेली झुंज व तानाजींचे वीरमरण शिक्षक रंगवून सांगतात आणि मुले तन्मय होऊन ऐकतात. परंतु ज्या कड्यावाचून हा प्रसंग असा घडलाच नसता, तो कडा तेथे आला कोठून, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. निघालाच, तर ‘ज्वालामुखीमुळे तो डोंगर वर आला’ असे उत्तर दिले जाते. हे उत्तर बरोबर नाही. बालमनात एकदा रुजलेली अशी समजूत पुढे काढून टाकणे कठीण जाते. म्हणून ती प्रारंभीच दुरुस्त करणे इष्ट होय.

सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला. तो बव्हंशी शंकूसारख्या उंच पर्वताच्या तोंडातून उसळला नाही, तर जमिनीवर पुरासारखा पसरला आणि थिजला. काही काळाने त्यावर दुसरा लोट आला, मग तिसरा. अशा रीतीने थरावर थर साचत गेले. या काळ्या पाषाणास बेसाल्ट म्हणतात. आजही त्याने सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला असून सह्याद्रीत काही ठिकाणी सर्व थरांची मिळून जाडी दीड हजार मीटरांहून अधिक भरते.

प्रत्येक थर सर्वत्र सारखा कठीण नसतो. थराचा मधला भाग सावकाश निवतो. तो घट्ट व टणक होतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहतात. तो सच्छिद्र व तुलनेने ठिसूळ होतो. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे लाल मातीचा पट्टाही आढळतो. ऊन, पाऊस व वारा यांच्या माऱ्याने ठिसूळ भाग लवकर झिजतो, टणक भाग टिकून राहतो. त्यामुळे डोंगराच्या अंगावर उभा कडा, मग उतार, पुन्हा कडा, अशा पायऱ्या पडतात. या खडकास भूशास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात, तेही यामुळेच. जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ते नाव आले आहे.

कडा इतका उभा का राहतो, याचेही कारण आहे. शिलारस निवताना आकसतो आणि त्यास उभ्या भेगा पडतात. खालचा ठिसूळ थर झिजला की वरच्या टणक थराचा आधार जातो व त्या भेगांवरून मोठमोठ्या शिळा सुटून खाली कोसळतात. मागे उरतो तो ताशीव भिंतीसारखा कातळ.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच असलेला सिंहगड वर आलेला नाही. त्याच्या भोवतालची भूमी झिजून खाली गेली आहे. ओढ्यानाल्यांनी लक्षावधी वर्षे खडक कापून वाहून नेला आणि जो भाग टिकला, तो डोंगर झाला. पावसाळ्यात मातीच्या ढिगावर एखादा चपटा खडा असला, तर भोवतालची माती वाहून जाते आणि खड्याखालची तेवढी उभी राहते. मुलांनी हे पाहिलेले असते. तोच दाखला येथे द्यावा.

गड बांधणाऱ्यांनी या कड्यांचा पुरता उपयोग करून घेतला. चढण सोपी असेल तेथे दरवाजे, बुरूज व तट उभारले. जेथे कातळ उभा होता, तेथे त्याच्यावरच भिस्त ठेवली. मावळ्यांनी नेमकी हीच बाजू निवडली. जुलै १६६० मध्ये विशाळगडाच्या वाटेवर बाजीप्रभू देशपांडे यांनी जी घोडखिंड लढविली व जी पुढे पावनखिंड म्हणून ओळखली गेली, तीही याच पाषाणात पाण्याने कोरलेली चिंचोळी वाट आहे. अशा जागी मोठ्या फौजेला एकदम पुढे येता येत नाही, म्हणून थोडे लोक पुष्कळांना थोपवू शकतात. यामुळे वीरांच्या पराक्रमास उणेपणा येत नाही. जागा निसर्गाने दिली. तेथे उभे राहण्याचे धैर्य माणसांचे होते. घोरपडीची कथा पोवाड्यांतून व लोकपरंपरेतून आलेली आहे. ती अवश्य सांगावी, परंतु कथा म्हणून सांगावी.

वर्गात करावयाचे प्रयोग

१. थाळीत ओली वाळू व घट्ट मळलेली चिकणमाती यांचे एकाआड एक चार थर द्यावेत. सर्वांत वर चिकणमाती असावी. एक बाजू सुरीने सरळ कापून तेथे हळूहळू पाणी शिंपडावे. वाळू आधी वाहून जाते, वरचा थर पुढे लोंबतो व तुटून पडतो.

२. गावात काळा पाषाण असल्यास विहिरीच्या खोदाईतून निघालेले दगड गोळा करावेत. भरीव दगड व छिद्रांचे दगड वेगळे करून मुलांकडून त्यांचे वर्णन लिहून घ्यावे. छिद्रांत पांढरे स्फटिक आढळल्यास ते मागाहून पाझरलेल्या पाण्यातील द्रव्यांचे बनले आहेत, हे सांगावे.

३. जवळच्या डोंगराची बाह्यरेषा काढवून तीत किती पायऱ्या दिसतात, हे मोजावयास सांगावे.

गडावर सहल नेल्यास मुलांस कड्याच्या काठाशी जाऊ देऊ नये आणि तेथील दगड फोडू अथवा उचलू देऊ नयेत. परत आल्यावर एकच प्रश्न विचारावा: ‘हा डोंगर वर आला, की भोवतालची जमीन खाली गेली?’ ज्या मुलास याचे उत्तर कारणासह देता आले, त्यास पाठ समजला असे मानण्यास हरकत नाही.