अहवालाचा पडदा कसा वाचावा

हजेरीपत्रक कसे वाचावे, हे कोणाही शिक्षकास सांगावे लागत नाही. परंतु तीच हजेरी संगणकाच्या पडद्यावर रंगीत स्तंभांच्या रूपाने उभी राहिली, म्हणजे अनुभवी मुख्याध्यापकही क्षणभर थबकतात. अशा अहवालांच्या साधनांपैकी ‘पॉवर बीआय’ हे मायक्रोसॉफ्ट कंपनीचे साधन २०१५ साली सर्वांसाठी खुले झाले. ते मुख्यतः व्यापारी हिशेबांकरिता निघाले असले, तरी शाळांच्या माहितीसही तितकेच उपयोगी पडते. त्याच्या पडद्याची ओळख करून घेणे हा या पाठाचा हेतू आहे.

पडद्याची रचना

डाव्या कडेला उभ्या ओळीत काही चिन्हे असतात. त्यांपैकी ‘रिपोर्ट’ या चिन्हाने आलेख दिसतात, ‘टेबल’ने मूळ तक्ता उघडतो आणि ‘मॉडेल’ने निरनिराळे तक्ते एकमेकांशी कसे जोडले आहेत ते कळते. उजव्या बाजूस ‘डेटा’ या पट्टीत तक्त्यांतील रकान्यांची नावे असतात, ‘व्हिज्युअलायझेशन्स’मध्ये आलेखाचा प्रकार निवडता येतो, आणि ‘फिल्टर्स’ म्हणजे चाळणी. अहवालाची पृष्ठे तळाशी असतात.

बेरजेपासून सावध

रकान्यात संख्या दिसली, की हे साधन बहुधा तिची बेरीज करते. समजा, एका शाळेत १० मुलांपैकी ५ उपस्थित आहेत, म्हणजे ५० टक्के. दुसरीत ९० पैकी ८१, म्हणजे ९० टक्के. टक्केवारीचा रकाना आलेखात ओढताच उत्तर येईल १४०! बेरजेऐवजी सरासरी निवडली तर ७० येईल. तेही खरे नव्हे. एकूण १०० मुलांपैकी ८६ उपस्थित आहेत, म्हणून खरे उत्तर ८६ टक्के. यासाठी उपस्थितांची बेरीज व पटाची बेरीज स्वतंत्र घेऊन मगच भागाकार करावा.

चाळणी प्रथम पाहावी

चाळणी तीन ठिकाणी लागू शकते: एका आलेखावर, एका पृष्ठावर अथवा सर्व पृष्ठांवर. तिसरी सर्वांत फसवी, कारण दुसऱ्या पृष्ठावर काम करताना तिची आठवण राहत नाही.

प्रस्तुत लेखकाकडूनच ही चूक घडली आहे. हंगामी वसतिगृहांच्या नियोजनासाठी कमी उपस्थितीच्या शाळांची यादी करावयाची होती. यादी छोटी निघाली व बैठकीत सर्वांनी समाधान मानले. पुढे एका वस्तीवरील शिक्षिकेने विचारले, “साहेब, माझी निम्मी मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. आमची शाळा यादीत कशी नाही?” शोध घेता कळले, की आदल्या दिवशी दुसऱ्या कामासाठी वीसहून अधिक पटाच्या शाळा तेवढ्या ठेवणारी चाळणी सर्व पृष्ठांवर लावली होती व ती काढावयाची राहिली होती. लहान शाळा त्यातून निसटल्या. यादी दुरुस्त झाली. परंतु तोवर हंगामाचा एक महिना निघून गेला होता, आणि गेलेली मुले फडावरच होती.

संगणकाने खोटे सांगितले नव्हते. त्याला जेवढे विचारले, तेवढेच त्याने सांगितले. म्हणून आकडा वाचण्यापूर्वी चाळणी वाचावी, शाळांची एकूण संख्या आपल्या नोंदवहीशी ताडून पाहावी आणि मगच अहवालावर सही करावी. यादीत दिसत नाही ती शाळा ठीक चालली आहे, असे कधीही गृहीत धरू नये.

स्वाध्याय

१. आपल्या केंद्रातील शाळांची उपस्थिती वरील रीतीने काढा व ती टक्केवारींच्या सरासरीशी ताडून पाहा.
२. शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक आलेखात ओढल्यास काय होईल? त्या उत्तरास अर्थ का नाही?
३. तयार अहवालातील सर्व चाळण्या एका कागदावर लिहून काढा. कोणती शाळा बाहेर राहिली, ते शोधा.