लाल काच आणि अदृश्य नायक

सुपरहिरोचा चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या मुलांचे बोलणे तुम्ही कधी कान देऊन ऐकले आहे का? घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या चित्रपटगृहाबाहेर खेळ सुटण्याच्या वेळी उभे राहा. साधा प्रेक्षक म्हणतो, "मजा आली", नाहीतर "पैसे फुकट गेले". पण ज्याने त्या नायकाच्या चित्रकथा वाचून काढलेल्या असतात तो वेगळेच बोलतो. "हे त्याला कसे जमले? हे तर त्याला येत नव्हते!" अशी त्याची तक्रार असते. मोठ्या माणसांना ही तक्रार पोरकट वाटते. मला ती भूमितीच्या तासाला शोभणारी वाटते.

असे पाहा. दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते, हे आपण सिद्ध न करता मान्य करतो. त्याला गृहीतक म्हणतात. एकदा ते मान्य केले की पुढच्या साऱ्या सिद्धता त्याला धरून चालाव्या लागतात. मध्येच अडचण आली म्हणून एक नवे गृहीतक घुसडता येत नाही. नायक नायक कसा झाला हे सांगणारी कथा, म्हणजेच त्याची उगमकथा, नेमके हेच करते. ती वाचकाकडे एक अशक्य गोष्ट उसनी मागते. वाचक ती आनंदाने देतो. मात्र तो हिशेब ठेवतो!

मराठी मुलांना हा हिशेब वेताळाने शिकवला. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला हा नायक 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून आपल्याकडे आला. मुंबईहून निघणारी ही मालिका १९६४ मध्ये सुरू होऊन १९९० मध्ये थांबली आणि ती मराठीतही निघत असे. वेताळाची उगमकथा तिच्या वाचकांना तोंडपाठ असे. समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक तरुण कवटीवर हात ठेवून शपथ घेतो आणि त्याच्या घराण्यात बापामागून मुलगा तोच वेष चढवतो. लोकांना वाटते तो अमर आहे. वाचकाला ठाऊक असते की तो माणूस आहे आणि गोळी लागली तर मरेल. वेताळाची सारी गंमत या मर्यादेत आहे. १९९६ मध्ये त्याच्यावर इंग्रजी चित्रपट निघाला. जांभळा वेष, घोडा, लांडगा, कवटीची अंगठी, सारे जागच्या जागी होते. पण शेवटी ती अंगठीच जादूची ठरते आणि तिच्यातल्या शक्तीने खलनायकाचा निकाल लागतो. इतकी वर्षे जी अंगठी दुष्टांच्या जबड्यावर नुसती खूण उमटवत होती, तिला ऐन वेळी हा नवा गुण चिकटवला, ही गोष्ट मला अजून खटकते. चित्रपट फारसा चालला नाही.

याहून मोठे उदाहरण १९७८ च्या 'सुपरमॅन'चे आहे. दिग्दर्शक रिचर्ड डोनर, नायक ख्रिस्तोफर रीव्ह. या चित्रपटाचा पूर्वार्ध म्हणजे उगमकथेचा नमुनाच म्हणावा लागेल. परग्रहावरून आलेले मूल एका शेतकऱ्याच्या घरी वाढते. एके दिवशी तो शेतकरी हृदयविकाराने कोसळतो. आगगाडीला मागे टाकणारा मुलगा बापाला वाचवू शकत नाही. येथे चित्रपटाने नियम घातला की याची ताकद अफाट आहे, पण मृत्यूपुढे तीही थिटी आहे. शेवटी मात्र त्याची प्रिय मैत्रीण लुईस भूकंपात मरते, तेव्हा तो पृथ्वीभोवती भरधाव घिरट्या घालतो, पृथ्वी उलटी फिरताना दिसते, काळ मागे जातो आणि लुईस जिवंत होते.

जरा गणित करू. विषुववृत्तावरची जमीन पृथ्वीच्या परिवलनामुळे ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. मुंबईचे अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर आहेत. १९ अंशांची कोज्या ०.९४५ धरली तर घाटकोपरचा वेग ताशी सुमारे १५८० किलोमीटर येतो. पृथ्वी एकाएकी थांबली, तर स्थानकावर गाडीची वाट पाहणारे सगळे जण जडत्वामुळे याच वेगाने पूर्वेकडे, ठाण्याच्या खाडीच्या दिशेने फेकले जातील. काही चाहते म्हणतात की पृथ्वी थांबलीच नाही, सुपरमॅन काळात मागे गेला आणि ते दृश्य आपल्याला तसे दिसले. ठीक, तसे समजू. पण त्यांचा खरा राग पृथ्वीबद्दल नाहीच. काळ मागे नेता येत होता, तर बापाच्या वेळी काय झाले? आणि यापुढे कोणी मेले तर आम्ही रडायचे कशाला? एका नव्या गृहीतकाने मागची सिद्धता पुसली गेली.

आता आपल्या मुंबईच्या चित्रपटाकडे येऊ. १९८७ च्या मे महिन्यात 'मिस्टर इंडिया' प्रदर्शित झाला. कथा सलीम-जावेद यांची, दिग्दर्शन शेखर कपूर यांचे. तो कोणत्याही चित्रकथेवरून घेतलेला नाही, तरी चित्रकथावाल्यांच्या कसोटीला तो उत्तम उतरतो. अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या, भाड्याला आणि किराण्याला पैसे नसलेल्या अरुणला आपल्या वैज्ञानिक वडिलांनी बनवलेले यंत्र मिळते. ते मनगटावर चढवले की तो अदृश्य होतो, पण लाल काचेतून किंवा लाल प्रकाशात मात्र दिसतो. देणगी आणि मर्यादा एकदमच सांगितली!

ही लाल काच अगदीच वेडगळ नाही. तुम्हीच करून पाहा. पांढऱ्या कागदावर फिक्या निळ्या पेन्सिलीने आपले नाव लिहा. त्यावर लाल आणि नारिंगी पेन्सिलीने इतके गिरगटा की नाव हरवून जाईल. आता लाल जिलेटीनचा कागद डोळ्यांसमोर धरून पाहा. गिरगोटा नाहीसा होईल आणि नाव गडद होऊन वर येईल. कारण सोपे आहे. लाल जिलेटीन फक्त लाल प्रकाश पलीकडे जाऊ देते. कोरा कागद आणि लाल गिरगोटा दोन्ही लाल प्रकाश परावर्तित करतात, म्हणून ते एकमेकांत मिसळून जातात. निळी रेघ लाल प्रकाश शोषून घेते, म्हणून ती काळपट दिसते.

तरीही अरुणचे कोडे यातून पुरते सुटत नाही. त्याचे शरीर फक्त लाल प्रकाश परावर्तित करत असेल, तर उन्हातही तो लाल दिसायला हवा, कारण उन्हात लाल रंग असतोच. लोलक धरलात की लगेच दिसेल. शरीर फक्त लाल प्रकाश शोषून बाकीचे रंग आरपार जाऊ देत असेल, तर लाल दिव्याखाली तो काळी आकृती दिसेल आणि उन्हात हिरवट-निळ्या काचेसारखा. म्हणजे तो उन्हात लपत नाही तो नाहीच. विज्ञान येथे नापास झाले. पण चित्रपट पाहताना आपण चिडत नाही, कारण जो नियम सांगितला तो पाळला जातो. लाल प्रकाश पडला की आपल्या छातीत धस्स होते. छोटी टीना बॉम्बस्फोटात मरते तेव्हा ते यंत्र तिला परत आणू शकत नाही आणि चित्रपट तसा प्रयत्नही करत नाही. ती मुले त्या दिवशी खरोखर एक बहीण गमावतात. सुपरमॅनची लुईस आठवा, म्हणजे फरक कळेल.

अर्थात नियम पाळला म्हणून तिकिटे खपतातच असे नाही. २०१८ चा 'भावेश जोशी सुपरहिरो' पाहा. मुंबईतल्या पाणीचोरीशी भिडणाऱ्या तरुणांची ही कथा. यातल्या नायकाला कोणतीही दैवी देणगी नाही. मार खाल्ला की त्याला लागते. मला तो प्रामाणिक वाटला, पण चित्रपटगृहांत तो पडला.

शिक्षकांनी वर्गात चर्चेला घ्यावेत असे दोन प्रश्न 'मिस्टर इंडिया'त अजून शिल्लक आहेत. अरुण अदृश्य होतो तेव्हा त्याचे कपडेही दिसेनासे होतात, पण त्याने उचललेली हनुमानाची मूर्ती हवेत तरंगताना सर्वांना दिसते. मग यंत्राची हद्द नेमकी कोठे संपते? खिशातल्या नाण्याचे काय होईल, आणि तेच नाणे मुठीत धरले तर? दुसरा प्रश्न रशियन लेखक याकोव्ह पेरेलमन यांनी एच. जी. वेल्सच्या अदृश्य माणसाबद्दल उपस्थित केला होता. डोळ्यातला पडदा प्रकाश शोषतो म्हणून आपल्याला दिसते. ज्याच्या शरीरातून सारा प्रकाश आरपार जातो, त्याच्या डोळ्यातूनही तो तसाच निघून जाईल. मग मोगॅम्बोच्या अड्ड्यात अरुणला वाट कशी सापडते?