शंभरी आणि तिच्यापलीकडे

‘पूर्वीची माणसे शंभर वर्षे जगत, आता ते आयुष्य कुठे राहिले?’ असे फडावर बसले की कोणीतरी म्हणतोच. चांगदेवांची चौदाशे वर्षे ही योगबळाची कथा. ती बाजूला ठेवू. आपल्यासारख्या प्रपंचातल्या माणसाचे पाहू.

स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास देशातले सरासरी आयुष्य होते अवघे ३२ वर्षांच्या आसपास. आज ते सत्तरीच्या घरात आहे. मग आजोबा ऐंशीव्या वर्षी पायी वारी करीत, ते खोटे काय? मुळीच नाही. दोन भावंडे घ्या. एक पाळण्यातच गेले, दुसरे सत्तर वर्षे जगले. सरासरी आली पस्तीस. पण पस्तिसाव्या वर्षी त्या घरात कोणीच गेले नाही! आजोबा सर्वांना आठवतात, पाळण्यातली गेलेली फक्त आजीला आठवत. पटकी, हगवण, धनुर्वात, देवी यांनी घरे रिकामी केली. पंढरीच्या यात्रेतही पटकीची साथ एके काळी नेहमीची. पुढे लस आली, शुद्ध पाणी आले, औषधे आली. देवीचा रोग तर १९७५ नंतर आपल्याकडे उरला नाही. वाढले आहे ते हे, लेकरांचे आयुष्य.

वरची हद्द मात्र फारशी हललेली नाही. फ्रान्सातील आर्ल गावच्या जान काल्माँ बाई १८७५ साली जन्मल्या व १९९७ साली वारल्या. वय १२२ वर्षे १६४ दिवस. कागदोपत्री पुराव्याने त्यांच्यापुढे अद्याप कोणी गेलेले नाही. शास्त्रज्ञांनी १९९३ साली एका बारीक कृमीच्या जनुकात फरक करून त्याचे आयुष्य दुप्पट केले. उंदरांचेही थोडेफार वाढविले. पण माणसाचे म्हातारपण थांबवील असे सिद्ध औषध आज कोणापाशी नाही.

तेव्हा यात्रेत कोणी दीर्घायुष्याची पुडी पुढे केली, तर ‘बाबा रे, तुझे गिऱ्हाईक किती वर्षांचे आहे?’ एवढे विचारावे, आणि पैसे कनवटीला राहू द्यावेत. वाटेतल्या दवाखान्यात रक्तदाब मोजून घ्यावा, तंबाखूची चंची घरीच ठेवावी. दिंडीत कुणाला जुलाब लागले, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजीत राहावे, आणि डॉक्टर गाठावा.