शिफ्टमधले खडूस काका

प्रश्न : मी भोसरी एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर आहे. आमची शिफ्ट एकजीव आहे, सगळे डबे एकत्र उघडतात. पण एक सीनियर काका नव्या पोरांना सगळ्यांदेखत टाकून बोलतात. शिवाय पाळी बदलताना मशीनचा बिघाड सांगत नाहीत. काय करावे?

उत्तर : दोन्ही गोष्टी एकत्र करू नका. लपवलेला बिघाड जास्त गंभीर, त्यात एखाद्याचे बोट जाऊ शकते. पाळी बदलताना दोघांनी मशीनपाशी उभे राहून टूल, ऑफसेट आणि शेवटचा जॉब पाहायचा, वहीत दोघांनी सह्या करायच्या. सुपरवायझरना सांगून हा नियम सगळ्याच मशीनना लावून घ्या, म्हणजे तो काकांवर रोखलेला वाटणार नाही.

टोचून बोलण्याबद्दल त्यांना चहाच्या टपरीवर एकटे गाठा. ‘काका, चूक दाखवा, पण बाजूला घेऊन,’ एवढेच म्हणा. आपली जागा हा पोरगा घेईल, ही धास्ती अशा बऱ्याच जुन्या माणसांना असते. त्यांच्याकडून एखादे सेटिंग शिकून घ्या, मनापासून.

तरीही शिवीगाळ चालूच राहिली, तर तारखांसह लेखी तक्रार द्या. 20 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात तक्रार निवारण समिती कायद्याने बंधनकारक आहे आणि तिच्यात कामगारांचेही प्रतिनिधी असतात.