तिवराची श्वसनमुळे

मुलुंड ते घाटकोपर या उपनगरांच्या पूर्वेस ठाणे खाडीकाठी तिवरांची दाटी आहे. ओहोटीच्या वेळी चिखलातून वर आलेली त्यांची पेन्सिलीएवढी शेकडो मुळे दृष्टीस पडतात. ही श्वसनमुळे होत. श्वसन केवळ प्राणीच करतात, हा समज चुकीचा आहे. वनस्पतीच्या प्रत्येक जिवंत पेशीला अहोरात्र ऊर्जा लागते. पानांत तयार झालेली शर्करा मुळांपर्यंत पोचते. पेशीतील तंतुकणिकांत प्राणवायूच्या साहाय्याने तिचे पूर्ण विघटन झाल्यास ग्लुकोजच्या एका रेणूपासून ऊर्जावाहक एटीपीचे सुमारे ३० रेणू मिळतात. प्राणवायूविना अवघे २. खाडीच्या चिखलात तर प्राणवायू जवळजवळ नसतोच. म्हणून तो श्वसनमुळांवरील सूक्ष्म छिद्रांतून आत घेतला जातो. खाडीकाठी राडारोडा पडला की ही मुळे गाडली जातात आणि कुऱ्हाड न लागताही झाड गुदमरते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरतोडीबरोबरच तेथे राडारोडा टाकण्यासही मनाई केली, ती या दृष्टीने महत्त्वाची आहे.