उतारावरचा परभाषक साहाय्यक

धडगाव हे नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्यालय असून, या डोंगराळ तालुक्यात गाव म्हणजे सलग वस्ती नव्हे तर सातपुड्याच्या उतारांवर विखुरलेल्या पाड्यांचा समूह असतो. त्यामुळे एका पाड्यावरून दुसऱ्यावर जाणे हे येथील मुलांच्या लेखी नुसते चालणे असले, तरी सपाटीवरून आलेल्या प्रौढाला त्यात गिर्यारोहणच घडते. मुलांची घरची भाषा बहुधा पावरी किंवा भिली गटातील दुसरी एखादी बोली असते व मराठी त्यांना शाळेत भेटते, म्हणून मराठी बोलण्याचा सराव देण्यास आलेला स्वयंसेवक येथे परभाषक साहाय्यक, म्हणजे मुलांची भाषा न येता त्यांना आपली भाषा देऊ पाहणारा मदतनीस ठरतो. ऑस्ट्रियात शाळेच्या स्कीवर्गाबरोबर गेलेल्या परदेशी भाषा-साहाय्यकाची जी गत होते, तीच येथे बर्फावाचून होते.

उन्हाळ्याच्या तोंडी सागाची वाळलेली पाने मुरमावर पसरली की उतार निसरडा होतो. अशा वेळी मुले पाऊल आडवे टाकून, गुडघे सैल ठेवून आणि अंग किंचित पुढे झुकवून झपाझप उतरतात, तर नवागत भीतीपोटी मागे रेलतो, टाचा घसरतात आणि तो बसल्या जागी चार हात खाली पोहोचतो. मागे रेलणे हीच नवशिक्या स्कीपटूचीही पहिली खोड असते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. तिसरीतली एखादी मुलगी स्वतःच्या चपला हातात घेऊन, या नवागत गुरुजींच्या महागड्या बुटांकडे करुणेने पाहत उभी राहते. हसू आवरत नाही, ते आवरण्यास सांगूही नये, कारण वर्गात तोंड न उघडणारी मुले नेमकी याच वेळी मोडक्यातोडक्या मराठीत सूचनांचा भडिमार करतात.

खरी सावधगिरी पडण्याबाबत नसून मान डोलावण्याबाबत बाळगावी लागते. सूचना न समजताही सौजन्याने होकार देण्याची सवय वर्गात फार तर विनोद घडवते. उतारावर मात्र ‘थांब’ आणि ‘ये’ यांतील घोटाळा हाडावर बेततो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात ‘संपूर्ण शारीरिक प्रतिसाद’ ही पद्धत मांडली, जिच्यात शिकणाऱ्याने आज्ञा ऐकून ती प्रथम कृतीने पाळावी आणि बोलणे मागाहून यावे अशी अपेक्षा असते. हीच रीत उलटी वापरावी: निघण्यापूर्वी शाळेच्या अंगणात मुलांनी त्यांच्या भाषेत थांबण्याच्या, बसण्याच्या, फांदी धरण्याच्या आज्ञा द्याव्यात, साहाय्यकाने त्या निमूटपणे पाळाव्यात आणि चुकला तर पुन्हा आरंभ करावा. उतारावरच्या पाठाचे नेतृत्व स्थानिक शिक्षकाकडेच असावे व साहाय्यकाने रांगेत त्याच्या नजरेच्या टप्प्यात राहावे. अर्धवट येणाऱ्या बोलीत स्वतः आज्ञा सोडण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

स्थानिक भाषा जाणणारा शिक्षक हवा, ही काही केवळ सोयीची गोष्ट नाही. नर्मदा बचाव आंदोलनाने १९९०च्या दशकाच्या आरंभापासून नर्मदाकाठी चालवलेल्या जीवनशाळांनी मुलांच्या बोलीला वर्गात स्थान दिले, आणि २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मातृभाषा असावे असे म्हटले आहे. कायद्यातील ‘शक्य तेथवर’ या शब्दांच्या आड शासनव्यवस्था किती काळ निवांत बसते, हा प्रश्न वेगळा.

मुलांच्या सूचनांमागे जाण्याची उतारावरची मोकळीक नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्याकाठी मात्र चालत नाही, कारण पाणी ओसरल्यावर तेथे उरणारा गाळ वरून सुकलेला आणि आतून ओला असतो, त्यात माणूस व गुरे रुततात. तेथे मुलांनी कितीही हाका मारल्या तरी साहाय्यकाने काठ सोडू नये व मुलांनाही सोडू देऊ नये, आणि होडीत बसणे झालेच तर होडीवाल्याने दाखवलेल्या जागेवरून न पोहोचेपर्यंत उठू नये.