सुई, सुरी की सबुरी?

स्वादुपिंडातली पाण्याची गाठ बहुतेकांना अवचितच कळते. तक्रार वेगळीच असते, तपासणी भलत्याच कारणासाठी होते आणि रिपोर्टच्या तळाशी एक ओळ निघते. माझेही तसेच झाले. पित्ताशयात खडे आहेत का, हे पाहण्यासाठी केलेल्या सोनोग्राफीत स्वादुपिंडाच्या शेपटीकडच्या भागात साडेचार सेंटिमीटरची गाठ दिसली. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात तिला ‘स्यूडोसिस्ट’ म्हटले होते. एका रुग्णालयात सांगितले, की दुर्बिणीतून जठराच्या भिंतीला छेद देऊन नळी बसवू, पाणी वाहून जाईल, लगेच घरी जाल. तारीखही मिळाली.

इलाज सोपा, खर्च आवाक्यातला. घरचे निर्धास्त झाले. दुसरे मत घ्यायचा आग्रह माझ्या नणंदेने धरला. त्या दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म हातात घेण्याआधीच विचारले, “ताई, तुम्हाला कधी पँक्रियाटायटिस झाला होता का? पोटात कळ येऊन ॲडमिट व्हावे लागले होते? पोटाला जोराचा मार बसला होता?” तिन्ही प्रश्नांना माझे उत्तर ‘नाही’ असेच होते. “मग ही स्यूडोसिस्ट कशावरून?” ते म्हणाले.

त्या एका प्रश्नाने माझा इलाज बदलला. स्वादुपिंडाला सूज आली किंवा इजा झाली, की पाचकरस गळून साठतो, त्याला स्यूडोसिस्ट म्हणतात. तिला स्वतःच्या पेशींचे अस्तर नसते. त्रास होत असेल तर पाणी काढले की काम भागते. श्लेष्म, म्हणजे बुळबुळीत द्रव, तयार करणाऱ्या गाठींना मात्र जिवंत अस्तर असते. पाणी काढले तरी अस्तर आतच राहते, गाठ पुन्हा भरते आणि त्या पेशींचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. त्यातला म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम हा प्रकार जवळजवळ नेहमी मध्यमवयीन बायकांत, शेपटीच्या बाजूला सापडतो. माझे वय, गाठीची जागा, सगळे जुळत होते.

मग एंडोस्कोपिक सोनोग्राफी झाली. दुर्बीण घशातून जठरात नेऊन तिथूनच बारीक सुईने गाठीतला द्रव घेतात. डॉक्टरांनी त्याचा थेंब हातमोज्यावर घेऊन अंगठा आणि बोट हळूच लांब केले. पाकाची तपासतात तशी तार निघाली. द्रवातली साखर ५० मिलिग्रॅमच्या खाली आली आणि सीईए हा घटक १९२ च्या वर.

हा १९२ चा आकडा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनातून आला. श्लेष्माची गाठ कोणती आणि साधी कोणती, हे तो सुमारे ७९ टक्के वेळा बरोबर सांगत होता. म्हणजे एकट्या आकड्यावर विसंबता येत नाही, आणि आत कॅन्सर आहे की नाही हे तर तो सांगतच नाही. म्हणूनच आता साखर, द्रवातल्या पेशी आणि जिथे सोय आहे तिथे केरास व जीनास या जनुकांतले बदल, असे सगळे एकत्र पाहतात.

माझी शस्त्रक्रिया झाली. शेपटीबरोबर प्लीहाही काढावी लागली, म्हणून न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या लशी आधीच घेतल्या. गाठ श्लेष्माचीच निघाली, कॅन्सर नव्हता. पूर्ण निघाल्यामुळे आता स्कॅनचा फेराही नाही.

पण माझे वाचून कोणी थेट ऑपरेशनला धावू नये. माझ्या थोरल्या दिरांच्या स्वादुपिंडात दीड सेंटिमीटरची, बाजूच्या नलिकेला लागून असलेली गाठ आहे. तिच्यावर फक्त एमआरआयने नजर ठेवली आहे आणि तेच योग्य आहे. स्वादुपिंडाचे ऑपरेशन मोठे असते. पुढे मधुमेह जडू शकतो. नलिकेशी जोडलेल्या गाठींसाठी आंतरराष्ट्रीय नियमावली २००६ पासून आहे. कावीळ, गाठीच्या आत ५ मिलिमीटर किंवा मोठा, कॉन्ट्रास्ट शोषणारा घट्ट भाग, किंवा मुख्य नलिका १० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फुगलेली असेल, तर ऑपरेशनचा विचार लांबवायचा नाही. गाठ ३ सेंटिमीटर झाली, झपाट्याने वाढली किंवा नव्याने मधुमेह लागला, तर बारकाईने तपासणी हवी. यातले काही नसेल तर सबुरी. मात्र ठरलेला स्कॅन एकदाही चुकवायचा नाही.

गाठीत औषध सोडून अस्तर जाळण्याचेही प्रयोग चालू आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३९ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत आधी अल्कोहोल न वापरता केवळ कॅन्सरची औषधे सोडलेल्या गटात ६७ टक्के गाठी वर्षभराने नाहीशा दिसल्या, त्रासही कमी झाला. आशा वाटावी असे हे काम आहे, पण रोजचा इलाज नव्हे. असा उपचार कोणी सुचवला, तर तो संशोधनाचा भाग आहे का, भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत त्याची नोंद आहे का, नैतिकता समितीची मंजुरी आहे का, हे विचारा. संमतीपत्र मराठीत मागा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे, हेही ध्यानात ठेवा.

तेव्हा मैत्रिणींनो, मित्रांनो, नुसता कागदी रिपोर्ट घेऊन घरी येऊ नका. स्कॅनची सीडी मागून घ्या, कारण गाठ वाढली की नाही हे जुन्या चित्राशी ताडूनच कळते. आणि डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: गाठ कोणत्या प्रकारची, तसे कशावरून म्हणता, आणि ती मुख्य नलिकेशी जोडलेली आहे का. याची उत्तरे मिळाल्याशिवाय सुई, सुरी की सबुरी हे ठरवू नका आणि पाणी काढण्याच्या कागदावर सही करू नका.